कांडी हवेत असते तेवढा वेळ

ताईच्या प्रयोगशाळेत सकाळ आहे की दुपार, हे खिडकीवरून कधीच कळत नसे. खिडकीला जाड पडदा, खोलीत उबदार अंधार, इन्क्युबेटरची एकसुरी गुणगुण आणि मायक्रोस्कोपखाली पिवळसर उजेडाचा एक गोल. त्या गोलात भ्रूणं पहुडलेली असत. गाईच्या बीजकोशातून सुईने काढलेली बीजं, काचेच्या बशीत फळवलेली आणि आठवडाभर उबेत वाढवलेली. नुसत्या डोळ्यांना ती धुळीच्या कणाएवढीही दिसायची नाहीत. पण भिंगाखाली आली की त्या इवल्याशा गोळ्यात अख्खी गाय मावली आहे, शिंगं, शेपूट, हट्टी स्वभाव सगळ्यासकट, हे ताईला इतकं स्पष्ट दिसे की ती मान खाली घालून त्यांच्याशी बोलायची. बोलायची म्हणजे काय, "चला आता, थोडी थंडी वाजणार आहे," एवढंच. आईने एकदा चहा आणून ठेवताना हे ऐकलं आणि तेव्हापासून लेकीच्या कामाला ती ‘पोरांना झोपवणं’ म्हणू लागली.

खरं सांगायचं तर आईने अगदी नेमका शब्द काढला होता. पेनच्या रिफिलीहून बारीक अशी एक प्लास्टिकची नळी असते, धंद्यातली माणसं तिला कांडी म्हणतात. तिच्या मधल्या थेंबात ताई भ्रूण सोडायची, दोन्ही बाजूंना हवेचा एकेक बुडबुडा ठेवायची आणि टोक बंद करायची. मग कांड्या मशीनमध्ये उभ्या राहायच्या आणि मशीन त्यांना हळूहळू, लाडीगोडीने थंड करत न्यायचं. पाणी गोठण्याच्या जरा खाली आलं की ताई द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला चिमटा कांडीच्या टोकाला, भ्रूणापासून लांब, नुसता टेकवायची. टेकवला त्या जागी पांढरा ठिपका उमटे आणि तो पांढरेपणा कांडीतून सावकाश आत सरकत जाई. हे बघताना ताईला श्वास घ्यायचीही शुद्ध राहत नसे. बर्फ असा हाताला धरून आणावा लागतो, आपला आपण आला तर तो धसमुसळेपणाने येतो आणि आतलं सगळं फोडून टाकतो.

पुढे कांड्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत जायच्या. टाकीचं झाकण उघडलं की पांढरी वाफ काठावरून उतरून जमिनीवर लोळायची आणि ताईच्या पावलांभोवती घोटाळायची. त्या टाकीत काल आणि परवा शेजारी शेजारी झोपलेले असत. ज्या गाईची बीजं काढली ती म्हातारी होऊन दात पडले तरी तिची लेक आपली तेवढ्याच वयाची, आठवड्याची. ताईला कधीकधी वाटे, आपणही झाकण उघडून पाय आत सोडून बसावं, म्हणजे जगाची घाई आपल्यापर्यंत यायची नाही.

पण जगाने त्या हिवाळ्यात ताईला चांगलंच गाठलं. गोठवलेली भ्रूणं गाईंच्या पोटात टिकेनाशी झाली. ताजं भ्रूण, म्हणजे बशीतून काढून सरळ गाईत सोडलेलं, टिकत होतं. गोठवलेलं सोडलं की गाय उलटायची, म्हणजे गाभण न राहता ठरल्या दिवशी पुन्हा माजावर यायची आणि गोठ्याच्या मालकाचा फोन यायचा. एक गाय उलटली तर गाईचा दोष, दोन उलटल्या तर हवामानाचा. सगळ्याच उलटायला लागल्यावर दोष कोणाचा, हे कोणी तोंडावर म्हणत नव्हतं एवढंच. गोठवत होती ताई.

ताईचा स्वभावही असा की घरात दूध उतू गेलं तरी हिला वाटायचं, आपण तिकडे बघितलं म्हणून गेलं. हिवाळ्याच्या तोंडाशी बाबा गेले. बाबा जनावरांचे डॉक्टर. घराच्या मागच्या खोलीत ही प्रयोगशाळा त्यांनीच उभी केली, लेकीच्या हातात गोठवणं दिलं आणि धाकट्या मुलाला गाईत भ्रूण सोडायला शिकवलं. तोवर गोठ्यावर दोघं मिळून जायचे: कांडी वितळवायची बाबांनी आणि गाईत सोडायची धाकट्याने. एका दुपारी ‘जरा पडतो’ म्हणाले आणि उठलेच नाहीत. तेव्हापासून दोन्ही कामं धाकटा एकटाच करत होता.

आता कोणी म्हणेल, मग वितळवण्यात चूक असेल, यात एवढं डोकं फोडायचं काय कारण? ताईच्याही मनात ते येऊन गेलं होतं. तिने धाकट्याला प्रयोगशाळेत बोलावून त्याच्याकडून कांड्या वितळवून घेतल्या. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत अगदी पद्धतशीर वितळवल्या. भ्रूणं आधी सुरकुतलेली, मलूल दिसली आणि दुसऱ्या दिवशी उबेत टम्म फुगून बसली. म्हणजे हात चोख होता. ताईने मग उरलेला दोष, बाबांमागे आपला हात बिघडला असं धरून, मुकाट्याने स्वतःच्या पदरात घेतला. बशीत वाढलेलं भ्रूण गाईच्या पोटात वाढलेल्यापेक्षा जरा सावळं असतं, अंगात चरबी जास्त, म्हणून त्याला थंडीही जास्त बाधते. उबेत डोळे उघडत असतील बिचारी, पण पुढे गाईच्या पोटात तग धरण्याइतका जीव आपण त्यांच्यात राहू देत नाही, अशी तिची खात्रीच झाली.

एके दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं. "गोठवायचं मशीन घ्यायला एक जण तयार आहे. पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय."

आईचा हात ताटातच थांबला. "आणि तू काय करणार?"

"ताजी करीन. जमेल तेवढी."

"ताजी!" धाकटा म्हणाला. "म्हणजे गाईंना कळवायचं का, की आमच्या ताईंची बशी तयार आहे, तुम्ही सगळ्या आजच तयार व्हा? लांबच्या गोठ्यांचं काय? बाबांनी एवढं सगळं कशासाठी केलं मग?"

"बाबांनी केलं ते चालत होतं, सोन्या. माझं चालत नाहीये." तिचा आवाज शांत होता. "लांबच्या गोठ्याच्या मालकीणबाईंच्या दोन गाई तयार आहेत. दोन कांड्या निवडून ठेवल्यात. गाई गाभण राहिल्या तर मशीन राहील. नाहीतर मी हे काम सोडते. आणि या वेळी मी तुझ्याबरोबर येणार आहे."

"येऊन काय करणार?"

"बघणार. शेवटचं असेल तर निदान डोळ्यांनी बघते."

आईने पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "तुम्ही दोघं भांडा," ती म्हणाली, "म्हणजे घरात जरा आवाज तरी होईल."

निघाले तेव्हा सकाळ होती, पण धुकं असं पडलं होतं की सकाळ व्हायची राहूनच गेली असावी. गाडी धाकटा चालवत होता. टाकीला मागे पट्टा होता, पण ताईचा पट्ट्यांवर विश्वास नव्हता. तिने टाकी पुढे घेऊन दोन्ही गुडघ्यांत धरली होती. रस्ता समोर दोन हात दिसायचा, तेवढा संपला की पुढचे दोन हात. गाडीच्या उबेत तिचा डोळा लागला, किंवा लागलाही नसेल. तिला रस्त्याच्या दोन्ही कडांना वासरं उभी दिसली. ओली, लांब पायांची, अजून न जन्मलेली. कोणीच हंबरत नव्हतं. गाडी जवळून गेली की ती मान वळवून टाकीकडे बघत होती, पाहुणे आले की लहान मुलं पिशवीकडे बघतात तशी. तिला त्यांची माफी मागायची होती, पण काय म्हणायचं ते सुचेना. गाडीला धक्का बसला आणि वासरांचे कुंपणाचे खांब झाले.

"झोपलीस?" धाकट्याने विचारलं.

"नाही रे."

"घोरत होतीस."

"टाकी घोरत असेल," ताई म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी दोघं एकदम हसली.

मालकीणबाई फाटकातच उभ्या होत्या, गमबूट घालून, हात कमरेवर. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्या जिभेला लगाम असा तो नव्हताच. "या. आज ताईसुद्धा? म्हणजे आज तरी काहीतरी होणार म्हणायचं," त्या म्हणाल्या. "माझ्या किती गाई उलटल्या ते मी मोजणं सोडून दिलंय. तुमच्या बाबांच्या वेळी असं नव्हतं हो."

"हो," ताई म्हणाली.

गोठा लांबलचक होता आणि आत गाईंच्या श्वासांनी बाहेरच्यापेक्षा दाट धुकं केलं होतं. त्यात दिवे पिवळे, अंधुक. रवंथ करण्याचा संथ आवाज सगळीकडून येत होता. दोन गाई पुढे बांधल्या होत्या, एक कपाळावर पांढरा ठिपका असलेली आणि एक पूर्ण काळी. धाकट्याने आधी ठिपकेवालीची तपासणी केली, बाटलीतलं कोमट पाणी थर्मामीटरने बघितलं, मग टाकीचं झाकण काढून चिमट्याने पहिली कांडी उचलली. वाफ खाली उतरली. ताई खांबाला टेकून बघत होती.

कांडी उचलली की लगेच पाण्यात बुडवायची नसते. एवढ्या थंडीतून एकदम उबेत गेली तर भ्रूणाच्या भोवतालचं कवच तडकतं. थोडा वेळ ती नुसती हवेत धरावी लागते. पण फार वेळही नाही. जास्त रेंगाळली तर आतला बर्फ अर्धवट सुटतो आणि पुन्हा मोठमोठे स्फटिक होऊन बसतो, सुयांसारखे. या दोन्हींच्या मधे एक छोटीशी सुरक्षित जागा आहे आणि वितळवणाऱ्याला नेमकी तीच सापडावी लागते. मान वळवून घड्याळ बघायची सोय नसते, कारण मान वळली की हात हलतो. मध्यंतरी बाबांनी वाजणारं घड्याळही आणलं होतं. ते वाजलं तेव्हा गाईने लाथ झाडली आणि घड्याळ जे शेणात गेलं ते गेलंच.

धाकट्याने कांडी समोर धरली आणि पुटपुटायला सुरुवात केली. "पणजी. आजोबा. आजी. मोठे काका..."

हे ताई विसरूनच गेली होती. बाबांचं मोजणं! बाबा आकडे मोजत नसत. आकडे घाईत पळतात, ते म्हणायचे, माणसं पळत नाहीत. म्हणून ते घरच्यांची नावं घ्यायचे, एका लयीत, एकेकाला सारखाच वेळ. लहानपणी ती आणि धाकटा त्यांच्याबरोबर गोठ्यावर जायची, बाटलीचं झाकण धरायचा मान पाळीपाळीने मिळायचा आणि दोघं मिळून ही माळ म्हणायची. जिवंत आणि गेलेले सगळे त्यात एका रांगेत उभे असत, कोणी गेलं म्हणून कोणाचा नंबर जात नसे. आत्याने एकदा हे ऐकलं आणि आपण मामांच्या आधी यायला हवं म्हणून मोठा रुसवा धरला, तेव्हा बाबांनी तिला पुढे घेतलं होतं. आणि सगळ्यात शेवटी सोन्या. सोन्या म्हटलं की कांडी पाण्यात. तेवढ्यासाठी हा पठ्ठा दिवसभर उड्या मारायचा. ताईला प्रयोगशाळेत भिंतीवर घड्याळ मिळालं आणि तिची ती माळ सुटली.

"...काकू. आत्या. मामा. मावशी," धाकटा म्हणत होता. "बाबा."

आणि तो थांबला.

चेहऱ्यावर काही नव्हतं. दुःख नाही, आठवण नाही, काही नाही. दारात कोणी आलं की आपण बोलणं थांबवून त्याला आत येऊ देतो, तसा तो थांबला. गाय रवंथ करत राहिली. कांडीवरचं पांढरं दव नाहीसं झालं, टोकाशी एक थेंब जमला, लोंबला, पडला. ताईला ओरडायचं होतं पण स्वप्नात व्हावं तसं तोंड उघडेना.

"आई. ताई. सोन्या," तो म्हणाला आणि कांडी पाण्यात गेली.

म्हणजे हे होतं. सगळा हिवाळा, प्रत्येक गोठ्यावर, प्रत्येक कांडीपाशी. तिच्या बर्फाचा दोष नव्हता. तिचा हात चांगला होता. क्षणभर तिला एवढं हलकं वाटलं की खांब सोडला असता तर ती तरंगली असती. आणि दुसऱ्याच क्षणी तिने धाकट्याकडे बघितलं. तो कांडी पुसत होता, बाबा पुसायचे तशी, कापडाच्या कोपऱ्याने, हळुवार. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"ही सोडू नकोस," ती म्हणाली.

"का?"

"तडा गेलाय कांडीला. दे इकडे."

"कुठे? मला तर दिसत नाही."

"मला दिसतोय ना. दे."

मालकीणबाईंनी हात वर केले. "घ्या! म्हणजे कांडीच फुटकी. ताई, राग मानू नका, पण गोठवणं हा काही तुमचा प्रांत दिसत नाही बाई."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ताईच्या ओठांवर आलं, तिने ते गिळलं आणि कांडी खिशात घातली. "चूक झाली," ती म्हणाली. "सोन्या, जरा बाहेर ये."

बाहेर धुकं तसंच होतं. गोठ्याची भिंत, गाडी आणि ती दोघं, एवढंच जग शिल्लक होतं. ताईने ठरवलं होतं की दुसरी कांडी मी काढते, एवढंच म्हणायचं. ती तेवढंच म्हणाली.

"का?" धाकट्याचा चेहरा पडला. "माझ्या हाताला काय झालं?"

"काही नाही झालं."

"मग? ताई, तुझं काम आहे म्हणून तू बघायला आलीस, ठीक आहे. पण हे माझं काम आहे. बाबांमागे ते माझ्याकडे आलंय. मी त्यांच्यासारखंच करतो, एक अक्षर इकडचं तिकडे करत नाही."

आता सांगावं तरी पंचाईत आणि न सांगावं तरी पंचाईत. न सांगितलं तर हा पुढच्या गोठ्यावर पुन्हा थांबणार. तिने त्याचा हात धरला. शाळेत जायला लागल्यापासून बहुधा धरला नव्हता.

"सोन्या, तू बाबांपाशी थांबतोस."

"म्हणजे?"

"नावं म्हणताना. बाबा म्हणतोस आणि थांबतोस. फार वेळ."

"मी नाही थांबत." तो हसला. "वेडी आहेस का. ऐक." आणि त्याने हात समोर धरला, रिकामा, चिमट्यात कांडी असल्यासारखा, आणि म्हणायला लागला. पणजी, आजोबा, आजी, सगळे आले. मावशी आली. "बाबा," तो म्हणाला.

धुक्यात कुठेतरी एक गाय हंबरली आणि गप्प झाली. धाकट्याचा हात हवेत तसाच होता. आणि मग त्याला ते ऐकू आलं, जे तिथे नव्हतं ते पुढचं नाव. त्याने हात हळूच खाली घेतला.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "तेच जरा थांबतात."

ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"खरंच, ताई. तिथे आलं की बरं वाटायचं. जवळ आल्यासारखं. मी थांबतो असं मला कधी वाटलंच नाही." त्याने बाहीने नाक पुसलं. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं आणि तो पांढरा पडला. "म्हणजे त्या सगळ्या गाई... आणि तू मशीन द्यायला निघालीस. माझ्यामुळे. आणि आत्ता तो तडा... तडा नव्हताच ना?"

"नव्हता."

"मालकीणबाईंचं ऐकून घेतलंस."

"त्यांचं काय, त्या बोलतातच."

तो गाडीला टेकून बराच वेळ उभा राहिला. ताईने त्याला उभं राहू दिलं. इथे काही वितळत नव्हतं.

"मी बाबांचं नाव गाळून टाकतो," शेवटी तो म्हणाला. "दुसरं कोणाचं घालतो."

"नाही गाळायचं. पणजीचं गाळलं का कोणी?"

"मग तू म्हण. मी नुसती कांडी धरतो. माझं तोंड बंद. तू सोन्या म्हणालीस की बुडवतो."

ती हो म्हणाली. त्यात काय एवढं, असंच तिला वाटलं.

काळी गाय शांत होती. धाकट्याने पाणी पुन्हा बघितलं, टाकीत चिमटा घातला आणि ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली. कांडी वर आली, पांढरी, धुरकट, तिच्या मधल्या थेंबात महिनाभर झोपलेला एक जीव.

"पणजी," ताई म्हणाली. "आजोबा. आजी."

लय लगेच सापडली, जिन्याच्या ओळखीच्या पायऱ्या अंधारातही सापडतात तशी. मोठे काका, काकू. प्रत्येक नावाला एक तोंड आलं, बघून गेलं. रुसकी आत्या, तिच्या मागे मामा, मावशी. एकेक जण धुक्यातून येत होता आणि धुक्यात जात होता.

"बाबा."

आणि ते आले. गोठ्याच्या दारात, रबरी बूट आपटत, चष्म्यावरची वाफ शर्टाच्या टोकाने पुसत. तिला ते इतके लख्ख दिसले की शर्टाचं तुटकं बटणही दिसलं. ते गेले त्या दिवशी ताईने सगळ्यांना फोन केले होते, आलेल्यांची झोपायची सोय केली होती, टाकीतला नायट्रोजनसुद्धा भरून ठेवला होता, कारण त्याचा दिवस होता. एवढ्या सगळ्यात तिने त्यांच्याकडे एकदाही असं बघितलं नव्हतं. आता ते चष्मा डोळ्यांना लावत होते. लावून झाला की ते काहीतरी म्हणणार होते, तिलाच म्हणणार होते, फक्त एवढा चष्मा लावेपर्यंत थांबायला हवं होतं. तिच्या जिवाचा कण न् कण म्हणाला, थांब.

"आई," ताई म्हणाली.

बाबा चष्मा हातात घेऊनच मागे राहिले.

"ताई. सोन्या."

कांडी पाण्यात गेली. धाकट्याने ती फिरवली, पुसली, कापली, भ्रूण सोडायच्या सळईसारख्या गनमध्ये भरली, सगळं एका दमात, आणि बाही खांद्यापर्यंत चढवून गाईच्या मागे उभा राहिला. ताईने शेपूट बाजूला धरली.

ती गाय राहिली की उलटली, हे वाचणाऱ्याला टांगून ठेवण्यात काही अर्थ नाही. राहिली. तिला पुढे काळंभोर, लांब पायांचं वासरू झालं आणि ते मालकीणबाईंच्या वळणावर गेलं, म्हणजे अखंड ओरडणारं निघालं. पण त्या सकाळी हे कोणालाच माहीत नव्हतं.

"ताई," धाकटा म्हणाला. त्याचा हात कोपराच्या वरपर्यंत गाईत होता आणि डोळे मिटलेले होते, कारण आत बोटांनीच बघायचं असतं. "तू नाही थांबलीस."

"नाही."

"दिसले तुला?"

"दिसले."

"मग कसं काय जमलं?"

"कांडीत ते वासरू होतं ना," ती म्हणाली. "त्याला कुठे माहीत, बाबा कोण."

आणि एवढं म्हटल्यावर तिला रडू फुटलं. मुसमुसणं वगैरे नाही, चांगलं हमसून, हातात गाईची शेपूट धरून, मालकीणबाईंच्या देखत. मालकीणबाई दोन पावलं पुढे आल्या, त्यांना काय झालं ते कळेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बोलायला शब्द सापडला नाही, म्हणून त्यांनी आपला खांदा पुढे केला. ताई तिथे डोकं ठेवून रडत राहिली आणि रडता रडता काहीतरी बोलत होती.

"काय म्हणतेस?" धाकट्याने विचारलं.

"त्या माणसाला फोन कर. मशीन द्यायचं नाही म्हणून सांग त्याला."

"सांगतो," धाकटा म्हणाला. त्याच्याही गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "आधी मला हात बाहेर काढू दे."